पावसाळ्यात सरकणारा फिल्टर : माझा अनुभव

भोसरीच्या आमच्या छोट्या कोटिंग युनिटमध्ये १०६४ नॅनोमीटरच्या लेसरसाठी अरुंद पट्ट्याचे फिल्टर, म्हणजे ठरावीक तरंगलांबीच्या आसपासचाच प्रकाश जाऊ देणारे, बनवतो. जुलैत एक बॅच कोटिंगच्या निर्वात चेंबरमधून काढली, तेव्हा शिखर (ज्या तरंगलांबीला सर्वात जास्त प्रकाश आरपार जातो ती) बरोबर जागेवर होतं. दुसऱ्या दिवशी मोजलं तर १०७२ नॅनोमीटर! दोन रात्री झोप लागली नाही.

आधी कोटिंग चालू असताना थराची जाडी मोजणाऱ्या क्रिस्टलवर संशय घेतला. तो बदलला, काही फरक नाही. मग आमचे ऑपरेटर काका म्हणाले, "साहेब, उन्हाळ्यात हे असं होत नव्हतं." तिथे डोकं चाललं. एक फिल्टर ओव्हनमध्ये १२० अंशांवर तासभर ठेवला आणि लगेच मोजला. शिखर बरंचसं मागे आलं, आणि बाहेर ठेवल्यावर पुन्हा पुढे सरकलं. म्हणजे दोष पाण्याचा.

इलेक्ट्रॉन बीमने पदार्थाची वाफ करून बसवलेला थर सच्छिद्र असतो. छिद्रांतल्या हवेचा अपवर्तनांक १, पाण्याचा १.३३. दमट हवेत पाणी शिरलं की थराची प्रकाशीय जाडी (जाडी गुणिले अपवर्तनांक) वाढते आणि शिखर लांब तरंगलांबीकडे जातं.

उपाय म्हणून कोटिंग चालू असताना आयन सोर्समधून थरावर आयनांचा (विद्युतभारित कणांचा) मारा दिला. थर घट्ट बसला, सरकणं जवळजवळ थांबलं. पण मारा जास्त झाला तेव्हा थरातल्या टँटलम ऑक्साइडमधला ऑक्सिजन घटला आणि प्रकाशाचं शोषण वाढलं. लेसरच्या कामात ते अजिबात चालत नाही, तिथेच कोटिंग जळतं. आयनांची ऊर्जा कमी केली, चेंबरमधला ऑक्सिजन वाढवला आणि थरातला घटलेला ऑक्सिजन भरून यावा म्हणून शेवटी फिल्टर हवेतच ३०० अंशांवर भाजले. ऑगस्टची बॅच आठवडाभर उघड्यावर ठेवून मगच पाठवली.