पेलेट ग्रिलचा डिफ्यूजर बदलताय? आधी या चुका टाळा

पेलेट ग्रिल, म्हणजे लाकडी गोळ्यांवर चालणारं ग्रिल, आणलं की पहिले दोन महिने कौतुकात जातात. बटण दाबायचं, २२५ अंश फॅरनहाइट लावायचे आणि झोपायला जायचं. सकाळी ब्रिस्केट, म्हणजे गाईच्या छातीचं मांस, लोण्यासारखं. मग एखाद्या शनिवारी माणूस ऑस्टिनच्या दक्षिणेला लॉकहार्टला जातो. टेक्सासच्या विधिमंडळाने ठराव करून बार्बेक्यूची राजधानी ठरवलेलं हे गाव. तिथे विटांच्या भट्टीशेजारी पोस्ट ओकचे ओंडके जळत असतात, शर्टाला दोन दिवस वास राहतो. घरी परतल्यावर आपलंच ब्रिस्केट तोंडात घालून माणूस म्हणतो, "हे तर ओव्हनमधलं लागतंय!" आणि त्याच रात्री धूर वाढवायला नवा डिफ्यूजर, म्हणजे आगीवरचा पत्रा, मागवतो.

(ब्रिस्केट न खाणाऱ्यांनी इथून पुढे चिकनच्या तंगड्या किंवा पनीर असं वाचावं. धुराला फरक पडत नाही.)

मागवण्याआधी पेलेट ग्रिलचा स्वभाव समजून घ्या. ऑरेगॉनमधल्या माउंट एंजेलच्या जो ट्रेगर यांनी १९८०च्या दशकात हे ग्रिल तयार केलं, त्याची करामतच स्वच्छ जळण्यात आहे. साधारण ६ मिलिमीटर जाडीच्या लाकडी गोळ्या हॉपरमधून, म्हणजे साठवणीच्या पेटीतून, ऑगरच्या स्क्रूने थोड्या थोड्या पुढे सरकतात, वाटीएवढ्या फायरपॉटमध्ये पडतात आणि पंखा त्यांना वारा घालत राहतो. म्हणजे फुंकणी अहोरात्र चालू. चुलीपुढे बसलेल्या कुणालाही ठाऊक असतं, फुंकणी नीट लागली की धूर जातो आणि जाळ येतो. इथे नेमकं तेच होतं. उष्णता भरपूर मिळते, धूर मात्र जागच्या जागी जळून जातो.

फायरपॉटच्या वर जो आडवा पत्रा असतो तो डिफ्यूजर. ज्वाळा थेट वर न चढता उष्णता दोन्ही बाजूंना पसरावी, एवढंच त्याचं मूळ काम. सुधारित डिफ्यूजरमध्ये त्याच जागी लाकडाचे तुकडे ठेवायला कप्पा किंवा जाळी असते. स्मोक डॅडी कंपनीचा 'हेवी डी' हा त्यातला बऱ्यापैकी माहीत असलेला. खालून आच लागते, वर लाकूड धुमसतं. पत्रा स्वतः धूर करत नाही, तो लाकडाला धुमसायला जागा देतो. हे विसरलं की पुढच्या बहुतेक चुका होतात.

दोष पत्र्याचा नसताना पत्रा बदलणे

सगळ्यात महाग चूक हीच. धूर कमी पडण्याची कारणं बहुधा दुसरीकडे असतात. तुम्ही चिकन ३५० अंशांवर भाजत असाल तर धूर कमीच मिळणार. आग जितकी तेज तितका धूर कमी. पहिले दोन-तीन तास १८० ते २२५ अंशांत काढा, मग वाढवा. नव्या कंट्रोलरांमध्ये तापमान पाच-दहा अंशांच्या आत धरून ठेवणारी यंत्रणा असते. दिसायला छान, पण आग सतत एकसारखी जळत राहते. जुन्या कंट्रोलरांवर तापमान वरखाली व्हायचं, गोळ्या अधूनमधून नुसत्या धुमसायच्या, आणि त्यातूनच धूर यायचा. तुमच्या ग्रिलवर 'स्मोक' नावाचा पर्याय असेल तर तो याच धुमसण्याची नक्कल करतो. आधी तो वापरून बघा.

गोळ्यांची पिशवीही तपासा. 'चेरी' किंवा 'ॲपल' असं मोठ्या अक्षरांत लिहिलेल्या अनेक पिशव्यांत मूळ माल ओक किंवा आल्डरचा असतो आणि नावातलं लाकूड मिसळलेलं असतं. ह्यूस्टनसारख्या दमट ठिकाणी हॉपरमध्ये आठवडाभर पडलेल्या गोळ्या ओल धरतात, फुगतात, आणि मग ऑगरच अडकतो. गोळी दोन बोटांत मोडून पाहा. कट्कन तुटली तर ठीक, भुगा झाला तर ती फेकायच्या लायकीची.

मांसाचं तापमान हा विषय कुणी काढतच नाही. थंड आणि ओलसर पृष्ठभागावर धूर जास्त बसतो. त्यामुळे "बाहेर काढून तासभर ठेवा" हा स्टेकचा नियम इथे उलटा पडतो. फ्रिजमधून थेट ग्रिलवर ठेवा, पृष्ठभाग सुकू लागला की पाण्याचा किंवा ॲपल सायडर व्हिनेगरचा हलका फवारा द्या. आणि ब्रिस्केट आतून १६५ अंशांच्या आसपास गेल्यावर तुम्ही ते कागदात किंवा फॉइलमध्ये गुंडाळता ना? त्यानंतर बाहेर कितीही धूर करा, आतल्या मांसाला त्याचा पत्ताही नसतो.

एवढं करूनही समाधान नसेल तर दहा-पंधरा डॉलरची धुराची नळी आणा. भोकं पाडलेली स्टीलची नळी, तिच्यात गोळ्या भरायच्या, एका टोकाला टॉर्चने पेटवायचं, दहा मिनिटांनी ज्वाळा विझवून नुसतं धुमसू द्यायचं. मी स्वतः डिफ्यूजर घेण्याआधी वर्षभर नळीवर काढलं, आणि खरं सांगायचं तर निम्म्या लोकांना तिच्यापुढे जायची गरज नाही.

"बसतोय की!" म्हणून बसवणे

डिफ्यूजर मॉडेलप्रमाणे घ्या. इंचभर इकडेतिकडे असला तरी ग्रिलच्या पोटात मावतो, म्हणून फसवतो. मूळ पत्रा आणि फायरपॉट यांच्यात किती अंतर होतं ते पट्टीने मोजून लिहून ठेवा आणि नवाही तेवढ्यावरच बसवा. तो फार खाली आला तर फायरपॉटचा श्वास कोंडतो, राख बाहेर जायला वाट उरत नाही, आणि आग ऑगरच्या नळीतून मागे हॉपरकडे सरकू लागते. हॉपरच्या झाकणातून धूर येताना दिसला तर हेच होतंय असं समजा.

दुसरं अंतर वरचं. डिफ्यूजरवर ठिबकणारी चरबी झेलणारा ड्रिप ट्रे बसतो, आणि त्याला एका बाजूला उतार असतो, म्हणजे ग्रीस (वितळलेली चरबी) बादलीकडे वाहून जातं. जाड नव्या पत्र्यामुळे ट्रे एका टोकाने उचलला गेला की उतार सपाट होतो किंवा उलटा. मग पोर्क शोल्डरची चरबी सावकाश फायरपॉटच्या दिशेने येऊ लागते. बसवून झाल्यावर ट्रेवर वाटीभर पाणी ओतून पाहा, कुठे जातं ते कळेल. यातून ग्रीसने पेट घेतलाच तर झाकण उघडू नका, पाणी तर अजिबात ओतू नका. झाकण बंद ठेवून ग्रिल बंद करा आणि प्लग काढा. वाऱ्याशिवाय आग विझते.

जस्ताचा पत्रा आणि फॉइल

घरीच पत्रा कापून डिफ्यूजर करणारे हौशी खूप. हौसेला माझी ना नाही, पण हार्डवेअरच्या दुकानातला चकचकीत गॅल्व्हनाइज्ड पत्रा घेऊ नका. त्यावर जस्ताचा थर असतो, आणि गॅल्व्हनाइज्ड वस्तू सतत २०० अंश सेल्सिअसच्या वर तापवायच्या नसतात. फायरपॉटच्या तोंडावर त्याच्या कितीतरी पट वर आच असते. जस्ताच्या वाफेने वेल्डरांना जो ताप येतो, थंडी वाजते, तो आजार जेवणाच्या ताटापर्यंत आणायचं कारण नाही. साधं काळं स्टील किंवा ३०४ स्टेनलेस घ्या. १६ गेजचा, म्हणजे दीड मिलिमीटरचा पत्रा काही महिन्यांत वाकतो. १० गेजचा, साडेतीन मिलिमीटरच्या आसपासचा, टिकतो. पण जड पत्रा तापायला वेळ घेतो, म्हणून ग्रिल तापवण्याची वेळ जवळजवळ दुप्पट धरा.

नव्या पत्र्यावर कारखान्याचं तेल असतं. साबणाने धुऊन, काहीही न ठेवता तासभर ४०० अंश फॅरनहाइटवर तापवा. ड्रिप ट्रेवर फॉइल लावता येतो, स्वच्छता सोपी होते. तोच फॉइल डिफ्यूजरच्या फटींवर आला तर ज्यासाठी पैसे टाकले तीच वाट बुजते.

लाकूड भिजवणे

ही श्रद्धा चिवट आहे. "तासभर पाण्यात ठेवा म्हणजे हळूहळू जळेल." पाणी लाकडात वरच्या वर राहतं, मुठीएवढा तुकडा तासाभरात आतपर्यंत भिजत नाही. ग्रिलमध्ये आधी ते पाणी वाफ होऊन निघतं, तोवर तापमान पडतं, कंट्रोलर घाबरून गोळ्यांचा मारा करतो, आणि मग ओल्या सरपणाचा तो पांढरा, डोळे चुरचुरवणारा धूर. ज्या धुराने स्वयंपाकघराच्या भिंती काळ्या केल्या तोच आता तुमच्या तंगड्यांवर बसतोय.

कोरडं, मुरलेलं लाकूड घ्या. ओक, हिकरी, पिकॅन, सफरचंद, चेरी. मेस्किट जपून, त्याचा धूर तिखट. पाइन, देवदार असली राळेची लाकडं नकोत, आणि जुन्या कपाटाच्या फळ्या, रंगवलेली किंवा औषध मारलेली लाकडं तर मुळीच नकोत. कप्प्यात चिप्स भरल्या तर पंधरा मिनिटांत राख होते. मुठीएवढे एक-दोन तुकडे पुरतात. ग्रिल पेटत असतानाच लाकूड ठेवू नका. आग बसली, तापमान स्थिर झालं, की मग.

जास्त धूर म्हणजे जास्त चव नव्हे

लाकडाच्या लिग्निन या घटकातून येणारे ग्वायाकोल आणि सिरिंगोल हे रासायनिक पदार्थ धुराच्या चवीचे खरे मालक. ते बारीक, निळसर, जेमतेम दिसणाऱ्या धुरात असतात. चिमणीतून पांढराशुभ्र लोट निघतोय म्हणून खूष होऊन शेजाऱ्यांना बोलावू नका. तो अर्धवट जळलेला धूर असतो आणि त्याने जीभ बधिर होते, कातडीला डांबरासारखा कडवटपणा येतो. चिमणीचं झाकण थोडं उघडा, लाकूड कमी करा. मांसातली गुलाबी कड, जिच्यावर सगळे फिदा असतात, तीही चवीची खूण नाही. नायट्रिक ऑक्साइडने मांसाचा रंग धरून ठेवला, एवढाच तिचा अर्थ.

पनीर तर फारच हावरट. अर्ध्या तासात भरपूर धूर पितं, तासाभरात कडू होतं. भरताच्या वांग्याची उलट तऱ्हा. २२५ अंशांवर त्याची साल करपतच नाही, नुसती चामड्यासारखी होते. मी वांगं अर्धा तास धुरावर ठेवतो आणि मग गॅसच्या जाळावर साल काळी करतो. आपल्याकडे वाटीत निखारा ठेवून वर तूप सोडून धूर देतात, त्या पाच मिनिटांच्या कामाला हा लांबचा भाऊ म्हणायला हरकत नाही.

तापमान का नाचतंय?

नवा डिफ्यूजर बसवल्यावर लोकांचा पहिला फोन याबद्दलच येतो. २२५ लावलंय, २६० दाखवतंय. कारण सरळ आहे: आता तिथे गोळ्यांसोबत लाकडाचा तुकडाही जळतोय, त्याची उष्णता कंट्रोलरच्या हिशोबात नाही. तो गोळ्या कमी करतो, कधीकधी इतक्या की फायरपॉट विझायला येतो. तुकडा लहान करा, तो थेट ज्वाळेवर न ठेवता कडेला सरकवा. झाकण दर वीस मिनिटांनी उघडून पाहायची सवय असेल तर ती आधी मोडा. प्रत्येक वेळी तापमान पडतं आणि मग उसळून वर जातं.

उष्ण जागाही बदलतात. पूर्वी डावा कोपरा तापत असेल तर आता मधला भाग तापेल. जाळीभर स्वस्त ब्रेडचे स्लाइस मांडा, ३५० अंशांवर दहा मिनिटं ठेवा आणि कुठला स्लाइस आधी करपतो ते पाहा. एक फोटो काढून ठेवा. ग्रिलच्या आकड्यावर विसंबू नका, जाळीवर वेगळा थर्मामीटर हवाच.

मधेच आग विझली तर घाईने पुन्हा सुरू करू नका. फायरपॉटमध्ये गोळ्यांचा ढीग साचलेला असतो, तो एकदम पेटला तर झाकण उडतं. पूर्ण गार होऊ द्या, गोळ्या आणि राख काढा, मग नव्याने पेटवा. राख काढायचा व्हॅक्यूम गार ग्रिलवरच वापरा; एक जिवंत निखारा पिशवीत गेला की व्हॅक्यूमच पेटतो. वॉरंटीचे कागदही वाचा, भाग बदलल्यावर ती चालू राहीलच असं नाही. पाऊस आला म्हणून ग्रिल गॅरेजमध्ये ढकलू नका. धुरातल्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

आणि नव्या डिफ्यूजरवरची पहिली फेरी ब्रिस्केटची नको. आठ-दहा तंगड्या ठेवा. बिघडल्या तर रस्सा करता येतो.