वही, पेन्सिल आणि टीआय-८३ प्लस: असेम्ब्लीचा पहिला प्रोग्राम

टीआय-८३ प्लस या ग्राफिंग कॅल्क्युलेटरवर असेम्ब्ली, म्हणजे थेट प्रोसेसरच्या सूचनांची भाषा, लिहायची तर आधी केबल शोधा, मग त्या सूचनांचे बाइट बनवणारा असेम्बलर उतरवून घ्या, अशी सुरुवात बहुतेक जण करतात. मी मात्र पहिला प्रोग्राम हातानेच करायला लावते. चौकटीची वही घ्या. डावीकडे पत्ता, मध्ये बाइट, उजवीकडे त्याचा अर्थ. एवढं सामान पुरतं.

त्याआधी, गमवायचं नाही ते सगळं आर्काइव्हमध्ये टाका. प्रोग्राम फसला की रॅम पुसली जाते. फ्लॅशमधलं आर्काइव्ह सहसा वाचतं.

आता नवा प्रोग्राम उघडा. सेकंड आणि शून्य दाबून कॅटलॉगमध्ये जा. तिथे ‘एएसएम’ने सुरू होणारे तीन शब्द दिसतील; त्यातला कंस नसलेला पहिल्या ओळीत घ्या. त्याखाली हे हेक्स, म्हणजे सोळाच्या पायाचे आकडे; दोन-दोन चिन्हांचा एक बाइट:

ईएफ ४० ४५
२१ ०० ००
२२ ४बी ८४
२१ ए५ ९डी
ईएफ ०ए ४५
सी९
४८ ४९ ००

मधल्या मोकळ्या जागा फक्त वाचण्यासाठी आहेत, टाइप करताना नकोत. ए ते एफ ही अक्षरं अल्फा कळ दाबून इंग्रजीत घ्यायची. मग होम स्क्रीनवर कॅटलॉगमधला ‘एएसएम’ आणि उघडता कंस, त्यापुढे प्रोग्रामचं नाव. एंटर. पडदा साफ होऊन वर डाव्या कोपऱ्यात ‘हाय’ची दोन इंग्रजी अक्षरं उमटतील.

यात खरं काम आपण केलंच नाही, ते आतल्या रूटीननी, म्हणजे कॅल्क्युलेटरमध्ये आधीच असलेल्या छोट्या प्रोग्रामांनी केलं. ईएफ म्हणजे ‘आरएसटी २८’ ही सूचना, आणि पुढचे दोन बाइट म्हणजे रूटीनचा क्रमांक, उलटा लिहिलेला. ४० ४५ म्हणजे ४५४०, पडदा पुसणारं. ०ए ४५ म्हणजे ४५०ए, मजकूर छापणारं. याला सगळे बीकॉल म्हणतात. हा क्रमांक म्हणजे रूटीनचा पत्ता नव्हे, एका तक्त्यातली जागा आहे. तक्त्यात प्रत्येक नोंद तीन बाइटची: दोन पत्त्याचे, एक फ्लॅशच्या पानाचा. नव्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये रूटीन दुसरीकडे हललं तरी तक्ता सुधारलेला असतो, म्हणून जुना प्रोग्राम चालतो. या वळशाला वेळ लागतो, पण दोन अक्षरं छापताना कोण मोजतंय!

८४४बीवर कर्सरची ओळ असते, ८४४सीवर रकाना. एचएल या रजिस्टरमध्ये, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या छोट्या कप्प्यात, शून्य भरून एका फटक्यात दोन्ही शून्य केले. प्रोग्राम ९डी९५ पासून चालू होतो. तिथून बोटं मोजत गेलात की मजकूर ९डीए५ वर पडतो. चौथ्या ओळीत तोच पत्ता आहे.

प्रोग्राम संपल्यावर ‘डन’ हा शब्द त्याच ओळीत उजवीकडे येऊन बसतो. मला ते खुपलं, म्हणून मी सी९च्या, म्हणजे परत जाण्याच्या सूचनेच्या, आधी ईएफ २ई ४५ घुसवलं, म्हणजे नवी ओळ. पडद्यावर आलं काय? एक टिंब, एक इंग्रजी ई, एक अनोळखी चिन्ह आणि मग ‘हाय’. कितीतरी वेळ मी नुसती बघत राहिले. २ई म्हणजे टिंब, ४५ म्हणजे ई! मजकूर तीन बाइट पुढे सरकला होता आणि मी पत्ता जुनाच ठेवला होता, त्यामुळे माझीच सूचना अक्षरं म्हणून छापली जात होती. ए५च्या जागी ए८ केलं आणि सुटलं. असेम्बलरमध्ये पत्त्याच्या जागी नाव वापरतात, त्या लेबलचा उपयोग काय, ते त्या दिवशी कळलं.

पुढचा धडा रजिस्टरांचा. ४५०७ हे रूटीन एचएलमधली संख्या छापतं, पण छापताना एचएलची वाट लावतं. तुम्ही एचएलमध्येच मोजणी ठेवली असेल तर पहिली संख्या बरोबर येते आणि पुढे सगळा गोंधळ. कळ दाबली जाईपर्यंत थांबणारं ४९७२ तर बीसी, डीई, एचएल काहीच शाबूत ठेवत नाही; दाबलेली कळ तेवढी ए मध्ये देतं. म्हणून बीकॉलच्या आधी ई५, म्हणजे पुश एचएल (किंमत स्टॅक नावाच्या तात्पुरत्या ढिगावर ठेवणं), आणि नंतर ई१, म्हणजे पॉप (ती परत घेणं). मोजणी बीमध्ये असेल तर सी५ आणि सी१. आयवाय या रजिस्टरला मात्र हात लावू नका. सिस्टिम आपले फ्लॅग, म्हणजे चालू-बंदच्या खुणा, त्याच्याच आधाराने शोधते.

पुश केलं आणि पॉप विसरलात, तर शेवटचा सी९ ढिगावर राहिलेली ती संख्याच परतीचा पत्ता समजून भलतीकडे उडी मारतो. पडदा गोठतो, कुठलीच कळ चालत नाही. एक सेल काढून परत बसवायचा, रॅम पुसल्याचा निरोप वाचायचा आणि वही उघडून बाइट पुन्हा टाइप करायचे. नव्या ओळीसकट ते बावीसच आहेत.