गरोदरपणी खुब्यात कळ येते? निदान या चुका तरी टाळा

सातव्या महिन्यातली बाई एक हात कमरेवर आणि दुसरा नवऱ्याच्या खांद्यावर टेकवत आत येते. खुर्चीत बसायच्या आधीच सांगते, "मॅडम, नस दबलीय. सायटिकाय." कुणी सांगितलं म्हणून विचारावं, तर शेजारच्या अक्कांनी, जावेनं नाहीतर मोबाइलनं. सोलापुरात चौदा वर्षं फिजिओथेरपी करतेय, आणि हे वाक्य ऐकलं नाही असा आठवडा मला आठवत नाही.

मी म्हणते, नाव राहू दे, कुठं दुखतं तिथं बोट ठेव. दहापैकी आठ-नऊ जणींचं बोट कमरेखाली, पाठीला खळी पडते तिथं जातं. कुणाचं कुल्ल्यावर, कुणाचं पुढं जांघेच्या मधोमध हाडावर. म्हणजे दुखतायत कटीच्या हाडांचे सांधे. मागं माकडहाडाच्या वर दोन बाजूंना दोन आणि पुढं एक, असे हे तीन सांधे. गरोदरपणात साधारण पाचातल्या एकीला ते त्रास देतात. खऱ्या सायटिकात मणक्यापाशी नस दाबली जाते आणि कळ गुडघ्याच्या खाली, पार पावलापर्यंत उतरते. मुंग्या येतात, खोकलं-शिंकलं की विजेसारखी चमक जाते. तसला सायटिका गरोदरपणात फार थोड्या जणींना होतो.

नावावरून एवढं बोलायचं कारण असं, की "नस दबली" म्हटलं की पुढची पायरी "मोकळी करून घे" अशी असते. आणि इथं अडकलेलं काही नसतंच. रिलॅक्सिन नावाच्या हार्मोनमुळे सांध्यांचे बंध सैल होतात, पोट पुढं येतं तसा शरीराचा तोल बदलतो आणि दोन्ही बाजू सारखा भार पेलत नाहीत. त्यांना सावरता सावरता कुल्ल्यातले स्नायू ताठरतात. सायटिक नस त्या स्नायूंखालूनच जाते, म्हणून ठणका मांडीत उतरतो. अशा सांध्याला ओढायचं नसतं, आधार द्यायचा असतो.

नस उतरवून घेणं

ही चूक मला सगळ्यात जास्त छळते.

अक्कलकोट रोडची एक मुलगी, पहिलटकरीण, ३० आठवडे. घरी विड्या वळायची. सूप मांडीवर घेऊन, पाय पसरून पाच-सहा तास एका बैठकीत. उजव्या खुब्यात दुखायला लागलं तेव्हा सासूबाई तिला एका खेड्यातल्या नस उतरवणाऱ्याकडे घेऊन गेल्या. सासूबाई मायाळूच होत्या. त्यांची स्वतःची कंबर त्यानं बरी केली होती, म्हणून विश्वास. त्यानं पोरीला कुशीवर निजवलं, वरचा पाय धरला, बाहेरच्या बाजूला ताणला आणि हिसका दिला. कट्‌ असा आवाज झाला. सगळे म्हणाले, बसली नस.

दुसऱ्या दिवशी तिला कुशीवर वळता येईना. चौथ्या दिवशी माझ्याकडं आणली ती रिक्षातून उचलूनच. सलवार घालायला एक पाय उचलायचा म्हटलं तरी डोळ्यांत पाणी. मागचा सांधा दुखत होताच, आता पुढचाही दुखावला होता. आधी तिला डॉक्टरांकडं पाठवलं, बाळ ठीक आहे ना ते बघायला. होतं. पण जे दोन-तीन आठवड्यांत आटोक्यात आलं असतं, त्याला पुढं सात आठवडे लागले.

तिला मी वेगळं काय केलं? विड्यांची बैठक मोडली. दर अर्ध्या तासानं उठायचं, बसायचं ते खुर्चीवर, पाठीला उशी. (तंबाखूची धूळ पोटातल्या बाळाला चांगली नाही, हेही तेव्हाच सांगितलं. सूप पूर्ण सुटलं नाही, पण कमी झालं.) कटीला पट्टा बांधला. आणि अंथरुणात वळण्याची रीत बदलली, त्यानं सगळ्यात जास्त फरक पडला. आपली सोलापुरी चादर जाडजूड, सुती. वळताना कंबर तिच्यावर अडकते, वरचं अंग फिरतं आणि खालचं मागं राहतं. तोच पीळ सांध्यात बसतो. जुनी नायलॉनची साडी चौघडी करून कमरेखाली अंथरायची, दोन्ही गुडघे एकमेकांना चिकटवायचे आणि गुडघे, कंबर, खांदे एकदमच फिरवायचे. साडीवरून अंग आपोआप घसरतं. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "मॅडम, रात्री मी रडले नाही."

"बसून फरशी पूस, नॉर्मल होईल"

हे आता घराघरात आहे, आणि त्यात मोबाइलवरच्या बटरफ्लाय (तळवे जुळवून बसायचं, गुडघे खालीवर हलवायचे) अन् बदकचालीची (उकिडवं बसून चालायचं) भर. फरशी पुसल्यानं डिलिव्हरी नॉर्मल होते असं नसतं. ज्या बाईला काहीच दुखत नाही तिनं बटरफ्लाय केलं तर माझी हरकत नाही. पण जिला जांघेच्या हाडावर किंवा मागच्या खळीत दुखतंय, तिनं मांड्या फाकवून खालीवर आपटणं म्हणजे दुखऱ्या जागीच पाचर मारणं. उकिडवं बसून सरकत सरकत फरशी पुसताना प्रत्येक पावलाला एकाच पायावर भार येतो, तोही पाय फाकलेला असताना. "थोडं दुखलं तरी करत राहायचं, उघडतं" असं मुली मला सांगतात तेव्हा वाईट वाटतं. हा त्रास सोसून कमी होत नाही, सोसल्यानं वाढतो. आठ दिवसांत फरक हवा म्हणून रोज शंभर-शंभर बटरफ्लाय करणाऱ्या मुलींना मी आधी सगळं थांबवायला लावते.

माझा नेम साधा आहे. मांजरीसारखं चार पायांवर येऊन पाठ हळू वर-खाली, दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. फक्त कुल्ल्यात दुखत असेल, पुढं नसेल, तर खुर्चीवर बसून दुखऱ्या बाजूचा घोटा दुसऱ्या गुडघ्यावर ठेवायचा, जरासं पुढं झुकायचं आणि वीस आकडे मोजायचे. चालायचं ते दहा-दहा मिनिटं. कंबर तलावाला एका दमात फेरी मारून येऊ नका.

बाकीच्या चुका

घरातली पेनकिलर घेणं. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक या जातीच्या गोळ्या २० आठवड्यांनंतर बाळाच्या मूत्रपिंडांना त्रास देऊ शकतात, गर्भजल कमी होऊ शकतं. अमेरिकेच्या औषध खात्यानं २०२० साली तसा इशाराच दिला. दुखणं कमी करायला सहसा पॅरासिटामॉल चालते, तीही डॉक्टरांना विचारून. चोळायचं मलमही विचारूनच.

पट्टा पोटावर बांधणं. त्याची जागा खाली, खुब्यांच्या हाडांवरून.

पूर्ण झोपून राहणं. स्नायू ढिले पडतात आणि उठल्यावर जास्त दुखतं.

उताणं झोपणं. २८ आठवड्यांनंतर झोपताना कुशीवरच, डावी-उजवी कुठलीही. उशी गुडघ्यांपासून घोट्यांपर्यंत पुरली पाहिजे. नुसत्या गुडघ्यांत ठेवली की पाऊल खाली लोंबतं आणि खुबा पिळतो.

नळाला पाणी आलं की धावणं. आपल्याकडं नळाला रोज पाणी नाही, त्यामुळं पाण्याच्या दिवशी घरात घाई उडते, हे मला कळतं. पण एका हातात भरलेली घागर आणि कंबर एका बाजूला कललेली, हे तिनं करायचं काम नाही. दुसऱ्या दिवशीची माझी ओपीडी त्यानंच भरते.

स्कूटरवर एका बाजूला बसणं. सातरस्त्यापासून जुळे सोलापूरपर्यंतचे खड्डे आणि कंबरेला पीळ. रिक्षा करा. बसताना आधी पाठमोरं टेकायचं, मग दोन्ही पाय एकत्र आत. जिन्यावर चढताना बरा पाय आधी, उतरताना दुखरा.

सगळं दुखणं सांध्याचंच समजणं, हीही चूकच. लघवी-संडासवरचा ताबा गेला, बसायच्या जागी बधिरपणा आला किंवा पाऊल उचलेनासं झालं, तर त्याच तासाला दवाखाना. एकच पोटरी सुजली, लाल-गरम झाली तर रक्ताची गाठ असू शकते, ती चोळू नका, लगेच दाखवा. नववा महिना लागायच्या आधी कंबर थांबून थांबून, ठरावीक वेळानं दुखायला लागली तर त्या कळा असू शकतात. ताप आणि लघवीला जळजळ असेल तर मूत्रपिंडाचा संसर्ग. कुठल्याच बाबतीत सकाळची वाट बघू नका.

शेवटची चूक मात्र मोठी आहे. लेबर रूममध्ये कुणाला काही न सांगणं. मी नवव्या महिन्यात शिवणकामाची टेप घेते, बाईला पलंगावर निजवते आणि न दुखता गुडघे किती लांब जातात ते मोजते. तो आकडा फाइलच्या पहिल्याच पानावर लाल पेननं लिहिते. कमरेत भुलीचं इंजेक्शन दिलं की पाय किती ताणले जातायत ते तिला कळत नाही, म्हणून हा आकडा तिथल्या माणसांना माहीत पाहिजे. असं दुखणं असलं तरी नॉर्मल डिलिव्हरी बहुतेकींना जमते. कुशीवर किंवा गुडघे टेकूनही बाळंत होता येतं.

अक्कलकोट रोडच्या मुलीच्या फाइलवर मी ३४ सेंटीमीटर लिहिलं होतं. कळा सुरू झाल्या तेव्हा सासूबाईंनी ते पान स्वतः सिस्टरसमोर धरलं. डाव्या कुशीवर बाळंत झाली, मुलगी झाली. सव्वा महिन्यानं दाखवायला आली ती जिना चढून, बाळ कडेवर न घेता छातीशी धरून, मी सांगितलं होतं तसंच.