स्कॉटलंडात मुक्काम लांबला असेल तर गोल्फ कसा खेळावा

मुलगा किंवा मुलगी एडिंबऱ्यात नोकरीला आणि आपण उन्हाळाभर त्यांच्याकडे, अशा मुक्कामात पहिले काही दिवस किल्ला, संग्रहालयं आणि नातवंडं यांत जातात. मग घरातले सगळे कामाला गेले की दुपार खायला उठते. गोल्फची थोडीफार आवड असलेल्यांना या दुपारींवर उत्तम उपाय हाताशी आहे. आपल्याकडे येरवड्याला किंवा चेंबूरला खेळायचं तर सदस्यत्व किंवा सदस्याची ओळख बघावी लागते. स्कॉटलंडात नगरपालिकेचे कोर्स असतात आणि पैसे भरून कोणीही खेळू शकतो.

बरेच जण विमानाचं तिकीट काढताच सेंट अँड्र्यूज या गोल्फसाठी जगप्रसिद्ध गावाच्या मागे लागतात. माझा सल्ला उलटा आहे. ते शेवटी करा, आधी घराजवळचा कोर्स गाठा.

सुरुवात फुकटात

एडिंबऱ्याच्या मध्यवस्तीत ब्रन्ट्सफील्ड लिंक्स नावाचं मोकळं मैदान आहे. तिथे छोट्या अंतराचे होल (चेंडू घालायचे खड्डे) आहेत आणि खेळायला पैसे पडत नाहीत. आपले क्लब (गोल्फच्या काठ्या) आणि चेंडू न्यायचे, बस. मैदानातून लोक ये-जा करत असतात, कोणी चादर पसरून बसलेलं असतं. म्हणून समोर माणूस दिसला की थांबायचं. चेंडू भलतीकडे गेला तर ‘फोर!’ असं बेंबीच्या देठापासून ओरडायचं. इथे लाजून चालत नाही.

हात बसला की ब्रेड हिल्स. 1889 पासूनचा हा सार्वजनिक कोर्स टेकडीवर आहे. वरून किल्ला, आर्थर्स सीट ही टेकडी आणि पलीकडची खाडी दिसते. चढ-उतार मात्र भरपूर आहेत, गुडघे बोलत असतील तर सपाटीवरचा कॅरिक नाऊ कोर्स बरा.

सामान किती न्यावं

नियमाने 14 क्लब चालतात, पण 7 पुरतात. भारतातून अख्खी बॅग नेण्यात अर्थ नाही. तिकडच्या चॅरिटी शॉपमध्ये जुने क्लब स्वस्तात मिळतात, वापरलेले चेंडूही पिशवीने विकतात. पैसे खर्च करायचेच असतील तर चांगल्या रेनकोटवर आणि पाणी न शिरणाऱ्या बुटांवर करा. बुटांना धातूचे खिळे नकोत. नगरपालिकेच्या कोर्सवर कपड्यांचा फारसा बाऊ नसतो. खासगी क्लबात मात्र कॉलरचा शर्ट घाला आणि जीन्स घरी ठेवा.

कॅडीची, म्हणजे बॅग वाहणाऱ्या मदतनिसाची, सवय असलेल्यांनी मनाची तयारी ठेवावी. या साध्या कोर्सवर कॅडी नसतो, बॅग आपली आपण वाहायची किंवा ट्रॉली ओढायची. बॅटरीवरची गाडी कित्येक ठिकाणी डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय देत नाहीत.

प्रवास-विम्याची कागदपत्रंही एकदा चाळा. आपल्या चेंडूने दुसऱ्याला इजा झाली किंवा काच फुटली तर भरपाई मिळते का, ते बघून ठेवा.

वेळ कोणती धरावी

आपल्याला सुट्टी मोजून घेतलेल्या पर्यटकासारखी घाई नाही. शनिवार-रविवार स्थानिकांना सोडा आणि मधल्या वारी जा. जूनमध्ये एडिंबऱ्यात सूर्य रात्री 10 च्या सुमारास मावळतो. त्यामुळे संध्याकाळी सुरुवात करूनही 18 होल उजेडात होतात आणि बऱ्याच कोर्सवर संध्याकाळचा दर कमी असतो. 9 होलांना साधारण दोन तास धरा. एकटे असाल तर दुसऱ्या जोडीत घालतात. नाही म्हणू नका, ओळखी अशाच होतात.

मैदानावर

आपण चेंडू उंच उडवायला शिकलेलो असतो. समुद्राकाठच्या लिंक्स कोर्सवर वारा तो उचलून भलतीकडे टाकतो, शिवाय जमीन टणक असते. तेव्हा चेंडू खालून घरंगळत न्या. ग्रीनच्या (होलभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीच्या) बाहेरूनही बिनदिक्कत पटर, म्हणजे चेंडू घरंगळवायचा क्लब, वापरा, कोणी हसत नाही.

ग्रीनवर चेंडू आदळून खड्डा पडला तर तो बुजवणं हा तिकडे संस्काराचा भाग समजतात. छोटा काटा खड्ड्याच्या कडेला खुपसायचा आणि माती आतल्या बाजूला ढकलायची. तळातून वर उचकटायची नाही, मुळं तुटून गवत करपतं. शेवटी पटरने हलकेच थोपटायचं. बंकरमधून, म्हणजे वाळूच्या खड्ड्यातून, निघताना वाळू सारखी करायची. मागचे लोक खोळंबले असतील तर बाजूला होऊन त्यांना पुढे जाऊ द्यायचं.

थोडं लांब

शहराच्या पूर्वेला मसलबरा ओल्ड लिंक्स हा 9 होलांचा जुना कोर्स घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानात आहे. शर्यतीच्या दिवशी खेळ बंद, म्हणून आधी चौकशी करा. ओपन ही ब्रिटनची मानाची गोल्फ स्पर्धा इथे सहा वेळा झाली, 1874 ते 1889 या काळात. आज जगभर होलचा व्यास सव्वाचार इंच असतो, ते मापही इथलंच.

हायलँड्समध्ये फिरायला गेलात तर काही छोट्या कोर्सवर माणूसच नसतो. खोपटाच्या भिंतीवर लोखंडी पेटी असते. पाकिटात पैसे घालायचे, नाव-तारीख लिहायची, पाकीट फटीतून आत टाकायचं. बघायला कोणी नाही, तरी पूर्ण पैसे टाका.

आता सेंट अँड्र्यूज

गावात रेल्वे स्टेशन नाही. लूकर्सला उतरून बस घ्यावी लागते. इथल्या सुप्रसिद्ध ओल्ड कोर्ससाठी हँडिकॅपचा (खेळातली पातळी दाखवणाऱ्या आकड्याचा) दाखला लागतो, तो भारतातून निघण्यापूर्वीच आपल्याकडच्या क्लबातून घ्या. दोन ते चार जण असाल तर खेळायच्या दोन दिवस आधी सोडतीत नाव द्यायचं. एकट्याने खेळायचं तर आदल्या दिवशी तिथे जाऊन नाव नोंदवायचं. दोन दिवसांसाठी आलेल्याची संधी तेवढीच, तुम्ही मात्र आठवडेच्या आठवडे नाव देत राहू शकता.

नंबर नाही लागला तर शेजारीच ‘हिमालयाज’ नावाचं उंचवट्यांचं पटिंगचं मैदान आहे. महिलांच्या पटिंग क्लबचं हे मैदान थोडक्या पैशांत सगळ्यांना खुलं असतं, पटर आणि चेंडू तेच देतात. नातवंडांना इथेच न्या. नवशिक्यांसाठी बालगोव्ह हा 9 होलांचा कोर्सही आहे, तिथे हँडिकॅप लागत नाही. रविवारी ओल्ड कोर्सवर एरवी खेळ बंद असतो आणि गावकरी कुत्री घेऊन फिरायला येतात. त्या दिवशी गेलात तर सतराव्या होलचा बंकर आत उतरून बघता येईल.