गोल ठिपका दिसला म्हणजे स्किर्मिऑन दिसला असं नाही

पहिले गोल ठिपके मला दिसले ते एमएफएमच्या, म्हणजे चुंबकीय बल सूक्ष्मदर्शकाच्या पडद्यावर. प्लॅटिनम, कोबाल्ट आणि टँटलमचे थर एकावर एक रचून केलेली फिल्म होती. मी शोधत होते स्किर्मिऑन नावाची चुंबकीय रचना, आणि ती गोल ठिपक्यासारखी दिसते. फिकट पार्श्वभूमीवर दहा-बारा गडद ठिपके. मी शेजारच्या खोलीतल्या सगळ्यांना हाका मारून बोलावलं. मार्गदर्शक आले, वाकून बघितलं आणि एवढंच म्हणाले, “टिप उलटी मॅग्नेटाइज कर आणि हाच भाग परत घे.” टिपचं, म्हणजे पृष्ठभागावरून फिरणाऱ्या चुंबकीय सुईच्या टोकाचं, चुंबकन उलटं केलं की खऱ्या चुंबकीय ठिपक्याचा रंगही उलटतो. माझे ठिपके गडद होते ते गडदच राहिले. तो पृष्ठभागावरचा खडबडीतपणा होता, बाकी काही नाही.

या क्षेत्रात नव्याने येणाऱ्यांना मी ही फजिती आधीच सांगून टाकते. सूक्ष्मदर्शक कोणताही असो, तो स्पिन, म्हणजे अणूंची इवलीशी चुंबकं, दाखवत नाही. स्पिनांमुळे घडणारं काहीतरी दाखवतो, आणि ते ‘काहीतरी’ प्रत्येक यंत्रात वेगळं असतं.

स्किर्मिऑन म्हणजे थोडक्यात असं: फिल्मभर स्पिन वरच्या दिशेला तोंड करून उभे आहेत, एका छोट्या वर्तुळाच्या मध्यभागी मात्र ते खाली बघतात, आणि मधल्या पट्ट्यात एका ठरावीक दिशेने वळत वळत वरून खाली येतात. नाव आलं टोनी स्किर्म यांच्यावरून. त्यांनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला मूळ कल्पना मांडली ती कणभौतिकीसाठी. चुंबकात ही रचना २००९ मध्ये मँगनीज सिलिसाइडमध्ये न्यूट्रॉन विकिरणातून सापडली आणि २०१० मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्यक्ष दिसली. आपण ज्या धातूच्या फिल्म करतो त्यांत ठरावीक दिशेने वळण्याची ही सक्ती येते ती कोबाल्ट आणि प्लॅटिनमच्या सीमेवरून. म्हणून कोबाल्टच्या वर आणि खाली वेगवेगळे धातू लागतात. दोन्हीकडे सारखंच प्लॅटिनम ठेवलं तर दोन सीमांचे परिणाम बऱ्याच अंशी एकमेकांना मारतात.

कोबाल्टचा थर साधारण एक नॅनोमीटरचा, म्हणजे अणूंचे चार-पाच थर. एवढ्याशा जाडीत ०.१ नॅनोमीटरनेही चित्र पालटतं. पातळ असेल तर चुंबकन उभं राहतं, पण डोमेन (एकाच दिशेचं चुंबकन असलेले भाग) इतके मोठे की ठिपका सापडत नाही. जाड झाला तर चुंबकन आडवंच पडतं. मी वेगवेगळ्या जाडीची वीसेक सॅम्पलं एकेक करून स्पटर करत, म्हणजे निर्वातात धातूचे थर चढवत, बसले होते. त्यापेक्षा एकाच वेफरवर पाचरीसारखा, एका टोकाकडून दुसरीकडे जाड होत जाणारा थर टाका आणि केर सूक्ष्मदर्शकाखाली त्याच्यावरून चालत जा. कामाची जागा एका दुपारी कळते.

सुरुवात केरपासूनच करा. फिल्मवरून परतलेल्या प्रकाशाचं ध्रुवण चुंबकनामुळे किंचित फिरतं. जॉन केर यांनी हे १८७७ मध्ये पाहिलं. किंचित म्हणजे अंशाचा शंभरावा भाग वगैरे. त्यामुळे कच्च्या चित्रात फक्त धूळ आणि ओरखडे दिसतात. मोठं चुंबकीय क्षेत्र देऊन फिल्म संपृक्त करायची, म्हणजे सगळं चुंबकन एकाच दिशेला वळवायचं, ते चित्र साठवायचं आणि पुढच्या प्रत्येक चित्रातून वजा करायचं. मधल्या वेळात स्टेज जरा जरी सरकलं तरी प्रत्येक धूलिकणाला पांढरी-काळी कड येते, आणि नवखा माणूस त्यावरही प्रबंध लिहू शकतो. दृश्य प्रकाश असल्यामुळे साधारण ३०० नॅनोमीटरच्या खालचं काही केरमध्ये वेगळं दिसणार नाही. मायक्रॉनभराचे ठिपके छान दिसतात.

त्याहून लहान हवं असेल तर एमएफएम. इथे टिप आधी पृष्ठभागाची उंची नोंदवते, मग ठरावीक अंतरावर उचलून त्याच रेषेवरून परत जाते आणि बाहेर पडणाऱ्या चुंबकीय क्षेत्रातला बदल मोजते. अडचण अशी की टिप स्वतःच चुंबक आहे. माझ्या दुसऱ्या वर्षातल्या चित्रांत अर्धे ठिपके मधूनच कापल्यासारखे, चंद्रकोरीसारखे दिसायचे. कितीतरी दिवस मी फिल्मलाच दोष दिला. खरं तर टिप वरून जाताना ठिपक्याला ढकलत होती आणि पुढच्या रेषेपर्यंत तो तिथे उरतच नव्हता. टिप वर उचलली की ढकलणं थांबतं, पण चित्र धूसर होतं. कमी चुंबकनाची टिप घेतली की सिग्नल गोंगाटात बुडतो. यात कायमचा ठरलेला सुवर्णमध्य असा नाही, प्रत्येक फिल्मसाठी तो नव्याने शोधावा लागतो. निदान एक सवय लावून घ्या: तोच भाग उलट दिशेने पुन्हा स्कॅन करा. दोन चित्रं जुळली नाहीत तर टिप ढवळाढवळ करते आहे.

लॉरेंझ पद्धतीच्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकावर माझे पूर्ण दोन दिवस वाया गेले. या सूक्ष्मदर्शकाची मुख्य भिंगच एक जबरदस्त चुंबक असते, म्हणून ती आधी बंद करायची, हे मला माहीत होतं. मुद्दाम फोकस बिघडवायचा असतो, हेही माहीत होतं. तरी काही दिसेना. आपल्या फिल्ममधले स्किर्मिऑन नील प्रकारचे, म्हणजे मधल्या पट्ट्यात स्पिन त्रिज्येच्या दिशेने वळणारे, असतात, आणि सॅम्पल इलेक्ट्रॉन किरणाला अगदी काटकोनात असेल तर ते दिसतच नाहीत. सॅम्पल वीस-तीस अंश तिरकं केलं आणि काळी-पांढरी जोडी झटकन उमटली.

सिंक्रोट्रॉनवर, म्हणजे प्रखर एक्स-रे देणाऱ्या मोठ्या यंत्रावर, वेळ मिळाला तर चैनच. वर्तुळाकार ध्रुवित एक्स-रे कोबाल्टच्या ७७८ इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास लावले की फक्त कोबाल्टचं चुंबकन दिसतं, प्लॅटिनम-टँटलम मधे येत नाहीत. पण एक्स-रे आरपार जावेत म्हणून फिल्म सिलिकॉन नायट्राइडच्या अतिपातळ पडद्यावर टाकावी लागते, आणि तो पडदा चिमटा लागला तरी फुटतो. तीन हवी असतील तर दहा न्या. मिळालेले चार-पाच दिवस अहोरात्र चालतात, तेव्हा झोपेच्या पाळ्या निघण्याआधीच ठरवा.

आणि एवढं करून गोल ठिपका दिसला, टिप उलटल्यावर रंगही उलटला, तरी तो स्किर्मिऑनच आहे असं केर किंवा एमएफएमच्या एका चित्रावरून म्हणता येत नाही. ठिपक्याच्या कडेच्या पट्ट्यातले स्पिन कोणत्या दिशेने वळतात हे त्यात कळत नाही. त्यासाठी दुसरा पुरावा लागतो, उदाहरणार्थ विद्युतप्रवाह दिल्यावर ठिपका सरळ न जाता एका बाजूला वळतो का.

वहीत काय लिहायचं? चुंबकीय क्षेत्र किती, हे सगळेच लिहितात. ते कुठून कुठे आणलं, हे राहून जातं. डोमेनच्या चक्रव्यूहासारख्या पट्ट्यांवर क्षेत्र हळूहळू वाढवत नेलं तर पट्ट्या आकसून ठिपके होतात. तेच क्षेत्र संपृक्त अवस्थेकडून खाली येताना दिलं तर फिल्म कोरी दिसू शकते. माझं सर्वांत देखणं चित्र, दाटीवाटीने बसलेले ठिपके, एकही कापलेला नाही, फाइलच्या नावात ‘फायनल नवीन २’ एवढ्याच नोंदीसह पडून आहे. त्या अवस्थेला मी कशी पोचले ते मला पुन्हा कधीच जमलं नाही, आणि ते चित्र प्रबंधात गेलं नाही.