भीमेवरची नावाड्याची मुलगी: न घडलेल्या इतिहासाची किशोर कादंबरी कशी लिहावी

मी चाकणजवळच्या एका शाळेत इतिहास शिकवते आणि सुट्टीत नववी-दहावीच्या मुलांकडून कथा लिहून घेते. 'असं झालं असतं तर' म्हटलं की बहुतेकांची लेखणी थेट पानिपतावर धावते. मी त्यांना थांबवते. नायिका पंधरा वर्षांची असेल, तर जिथवर तिचा हात पोचेल असाच प्रसंग निवडायचा. पानिपतावरच्या त्या अफाट गर्दीत ती काय वळवणार?

मी त्यांना आमच्या शेजारच्या खेडला नेते, म्हणजे आजच्या राजगुरुनगरला. ऑक्टोबर १७०७. औरंगजेबाच्या मृत्यूनंतर सुटून आलेले शाहू महाराज एका बाजूला, मुलासाठी गादी राखणाऱ्या ताराबाई दुसऱ्या बाजूला. शाहू तोतया आहेत, असं ताराबाईंचं म्हणणं. पण त्यांचे सेनापती धनाजी जाधव लढाईआधीच आतून शाहूंकडे वळले होते आणि त्यामागे बाळाजी विश्वनाथांची खटपट होती. ताराबाईंच्या बाजूचे परशुरामपंत प्रतिनिधी एकटे पडले, शाहूंची सरशी झाली. लढाईचा निकाल असा आधीच, दबक्या आवाजात ठरला होता. दबक्या आवाजातलं बोलणं एखाद्या मुलीच्या कानावर पडू शकतं. कादंबरी तिथे सुरू करा.

समजा, आपली रखमा नावाड्याची मुलगी आहे. पावसाळा नुकताच सरलाय, भीमेला पाणी आहे, बाप तापानं फणफणलाय. रात्री दोन माणसं पलीकडे सोड म्हणतात आणि नावेत बसून फितुरीचं बोलतात, कारण वल्हं मारणाऱ्या पोरीला कोण मोजतो? तिच्या हातात तलवार देऊ नका. तिचं धाडस तिच्या कामातून आलं पाहिजे: अंधारात उतार कुठे, ओढ कुठे, हे तिला ठाऊक आहे. खरी कसोटी पुढे आहे. प्रतिनिधींच्या गोटात शिरून, सेनापती फितला आहे, हे पटवायचं. चौकीवरचा माणूस तिला हाकलेल, कारकून हसेल. या प्रसंगाला सगळ्यात जास्त पानं द्या, घाई अजिबात नको.

बदल एवढा एकच. यापुढे कल्पनेचे लगाम सोडू नका, एकातून दुसरं निघू द्या. धनाजींना वेळीच रोखलं, तर जानेवारी १७०८ मध्ये साताऱ्याला शाहूंचा राज्याभिषेक नाही. मग १७१३ मध्ये बाळाजी विश्वनाथ त्यांचे पेशवे नाहीत, पुण्यात शनिवारवाडाही नाही. हे सांगू नका, दिसू द्या. वीस-पंचवीस वर्षांनी रखमा नावेच्या हक्काची दाद मागायला निघते, ती पुण्याला न जाता ताराबाईंच्या पन्हाळ्याला.

आणि तिच्या कृत्याची किंमत कोणीतरी चुकवू द्या. शाहू खरेच संभाजीराजांचे पुत्र होते. १६८९ मध्ये रायगड पडला तेव्हा सात वर्षांचं पोर मोगलांच्या हाती लागलं, ते सुटायला १७०७ उजाडलं. आई येसूबाई तर अजून ओलीसच होत्या. त्या माणसाचं राज्य रखमानं हिरावलं. तो तोतया नाही हे तिला शेवटाकडे कळू द्या आणि तिला लगेच माफ करू नका. किशोर वाचकांना हे पेलतं, ही माझी पक्की खात्री आहे. नायिका प्रत्येक वेळी बरोबरच असली, की तीच मुलं पुस्तक मिटतात.

बारीकसारीक गोष्टी तपासून घ्या. चहा नको. उपवासाला साबुदाणा नको, वरी चालेल. संवाद बखरीच्या भाषेत लिहू नका. रखमा नदीकाठची बोली बोलेल, फारसी शब्द कारकुनाच्या पत्रात येऊ द्या. नावेचा प्रसंग लिहिण्याआधी एकदा संध्याकाळी भीमेकाठी जाऊन उभे राहा आणि पलीकडच्या काठावरचं बोलणं किती ऐकू येतं ते पाहा. मग पहिलं प्रकरण एखाद्या नववीतल्या मुलीला मोठ्यानं वाचायला द्या. ती जिथे कंटाळून भरभर वाचत सुटेल, तिथला मजकूर कापा.