केळीकुळाच्या उत्क्रांतीवर काम करायचंय? मार्करआधी प्रश्न ठरवा

जळगाव-रावेर-यावल पट्ट्यात केळीवर प्रबंध करायला घेणारे बरेच जण जवळच्या बागेपासून सुरुवात करतात. बसराई, श्रीमंती, ग्रँड नैनची पानं आणायची, एसएसआर (डीएनएतले छोटे पुनरावृत्त तुकडे, म्हणजे फरक ओळखायची एक खूण किंवा मार्कर) लावायचे आणि नातं काढायचं, असा बेत असतो. तो सोडा. हे तिन्ही वाण कॅव्हेंडिश गटातले, एएए जीनोमचे, म्हणजे अक्युमिनाटा या रानटी जातीच्या (खूण ए) गुणसूत्रांचे तीन संच असलेले. मुनव्यांवर वाढत आलेले आणि कायिक उत्परिवर्तनातून वेगळे पडलेले. झाडाची उंची डोळ्यांना दिसते, एसएसआरला सहसा नाही. जेलवर डीएनएचे सगळे पट्टे सारखे आले म्हणजे प्रयोग फसला असं नाही, उत्तरच ते आहे. आरएपीडी या दुसऱ्या मार्करने फरक दाखवला, तर तीच पीसीआर (डीएनएच्या प्रती वाढवायची प्रक्रिया) पुन्हा लावून बघा. तो अनेकदा टिकत नाही.

उत्क्रांतीचा प्रश्न असेल तर रानटी द्विगुणित (गुणसूत्रांचे दोन संच असलेल्या) जाती हव्यात. मुसेसी या केळीच्या कुळात प्रजाती (जीनस) तीनच: मुसा, एन्सेटे आणि मुसेला. मुसाचे गट पूर्वी गुणसूत्रांवरूनही पाडत. डीएनएचे पुरावे आल्यावर 2013 मध्ये हॅक्किनेन यांनी ते मुसा आणि कॅलिमुसा या दोनच विभागांत आणले. तुलनेला सह्याद्रीच्या कड्यांवरची रानकेळ, म्हणजे एन्सेटे सुपरबम, घ्याच. अक्युमिनाटा (ए) आणि बाल्बिसियाना (बी) या रानटी जातींचे खात्रीचे नमुने त्रिचीच्या राष्ट्रीय केळी संशोधन केंद्राकडे मागा.

केळीत क्लोरोप्लास्ट आईकडून येतो आणि मायटोकाँड्रिया बापाकडून, त्यामुळे संकराचे दोन्ही पालक वेगवेगळे शोधता येतात. क्लोरोप्लास्टचा वंशवृक्ष आणि आयटीएसचा (केंद्रकातल्या डीएनएच्या एका तुकड्याचा) वंशवृक्ष जुळला नाही, तर चूक शोधण्याआधी संकराचा विचार करा. राजेळीसारखे एएबी वाण रानटी जातींच्या वृक्षात घुसडू नका. दोन फांद्यांतून आलेलं झाड एका फांदीवर बसत नाही, आणि बूटस्ट्रॅपचे (फांद्या किती खात्रीच्या ते सांगणारे) आकडे कोसळतात.

आता डीएनए. खरी अडचण इथेच आहे. पान न उलगडलेल्या पोंग्याचं घ्या, सकाळी लवकर. मे महिन्यातल्या उन्हात पिशवीतलं पान तासाभरात कोमेजतं. बर्फ नसेल तर पानाच्या दहापट वजनाच्या सिलिका जेलमध्ये ठेवा. 100 मिलिग्रॅम पानाला 700 मायक्रोलिटर सीटॅब बफर (पेशी फोडून डीएनए सोडवणारं द्रावण): सीटॅब 2 टक्के, मीठ 1.4 मोलर, पॉलिफेनॉल बांधून ठेवणारं पीव्हीपी 2 टक्के. बीटा-मरकॅप्टोइथेनॉल ऐनवेळी घाला. 65 अंशांवर तासभर ठेवून क्लोरोफॉर्म-आयसोअमाइल (24:1) दोनदा द्या. डीएनएचा तळाचा गोळा तपकिरी आला तर पॉलिफेनॉलचं ऑक्सिडीकरण झालंय, म्हणजे कुटताना गोठवलेलं पान वितळलं किंवा मरकॅप्टोइथेनॉल जुनं होतं. गोळा चिकट, बुळबुळीत असेल तर शर्करा उरल्यात. मीठ 2 मोलर करा. प्रथिनांची भेसळ दाखवणारं 260/280 गुणोत्तर 1.8 आलं म्हणून निर्धास्त होऊ नका, शर्करा-फिनॉलची भेसळ दाखवणारं 260/230 बघा. पीसीआर बंद पडली तर डीएनए वाढवू नका, दहापट पातळ करून लावा. बहुतेकदा अडवणारी अशुद्धीच असते.

ए-बी ओळखायला सर्वात स्वस्त वाट म्हणजे आयटीएसची पीसीआर करून आरएसए-1 या डीएनए कापणाऱ्या विकराने (एन्झाइमने) कापणं. ए असेल तर 530 बेसचा पट्टा, बी असेल तर 350 आणि 180 चे. सफेद वेलची या एबी वाणात तिन्ही दिसायला हवेत. यातून ए-बी आहेत की नाहीत एवढंच कळतं, वाण द्विगुणित (एबी) की त्रिगुणित (एएबी) ते मात्र नाही. त्यासाठी फ्लो सायटोमेट्री (पेशीतला डीएनए मोजणं) किंवा गुणसूत्रं मोजणं आलं. त्रिगुणित वाणात एसएसआरचे दोनच पट्टे दिसले, तर कोणता दुहेरी ते ठरत नाही, म्हणून आहे-नाही (1/0) अशी नोंद करा. दोन-दोन बेसचे फरक अगारोज जेलवर सुटत नाहीत, कॅपिलरी इलेक्ट्रोफोरेसिस लागतं.

शेवटी, नमुन्याची ओळख. दिसणाऱ्या गुणांवरून ए-बी ठरवणाऱ्या सिमंड्स-शेफर्ड यांच्या 1955 च्या 15 गुणांपैकी बहुतेक कमळावरचे (केळफुलावरचे) आणि फुलांवरचे आहेत. आपल्याकडे घड पूर्ण निसवला की कमळ तोडतात. त्यामुळे पान घेतानाच झाडाला खूण बांधा आणि त्या एका झाडाचं कमळ राहू द्या, असं शेतकरीदादांना आधीच सांगून ठेवा.